हॉट प्रेसमधला चहा

सांगलीत पेठेत आमचं चहा पावडरीचं दुकान आहे. सासऱ्यांनी काढलं, यजमानांनी वाढवलं आणि ते गेल्यापासून मी चालवते. ममरी, डस्ट, मोठी पत्ती आणि आमचं स्वतःचं फॅमिली मिक्श्चर. चिमूटभर पावडर तळहातावर घेऊन हुंगली की ती कपात कसा रंग देईल ते मी सांगते, आणि सांगताना थोडा तोराही मिरवते. पण एवढा तोरा मिरवणाऱ्या बाईनं चहाचं झाड मात्र आयुष्यात पाहिलं नव्हतं. आसाम राहिलं, मुन्नार राहिलं. दुकान सोडून जायचं कुणी?

शेवटी पाहिलं ते कुठं, तर आयर्लंडमध्ये. परत आल्यावर हे सांगितलं तर आमच्या नणंदबाई म्हणाल्या, "वहिनी, तिकडं बटाटं पिकतात. चहा न्हवं." लेकीकडं दीड वर्ष अडकून पडल्यामुळे माझ्या डोक्यावर काही परिणाम झाला असावा, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. म्हणून सगळं नीट लिहून काढायचं ठरवलं.

शॅनन

२०२० च्या फेब्रुवारीत मी मृणालच्या बाळंतपणासाठी गेले. ती लिमरिकच्या हॉस्पिटलात नोकरी करते, आणि आमचे जावई अमेयराव शॅननच्या विमानतळालगतच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम बघतात. डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशेपा असं सगळं बांधून तीन महिन्यांच्या बेतानं गेले होते. नात झाली आणि पाठोपाठ जगच बंद झालं. आधी घरापासून दोन किलोमीटर, मग पाच किलोमीटर, त्यापलीकडे जायचं नाही असा सरकारी हुकूम. विमानतळ खिडकीतून दिसायचा आणि त्यावर एक विमान हलत नव्हतं. माझं दुकान तिकडं बंद आणि मी इकडं बंद.

पहिल्याच दिवशी मृणाल म्हणाली, "आई, तुझ्या चादरी हॉट प्रेसमध्ये आहेत." मी घरभर इस्त्री शोधत फिरले. मग कळलं, तिथं कपाटालाच प्रेस म्हणतात, आणि ज्या कपाटात गरम पाण्याची टाकी असते ते हॉट प्रेस. चादरी, टॉवेल, बाळाची लंगोटी सगळं त्यात उबदार राहतं. पण मराठी घरांत त्याचा खरा उपयोग वेगळाच. त्या थंडीत इडलीचं पीठ ओट्यावर दोन दिवस ठेवलं तरी ढिम्म हलत नाही. हॉट प्रेसमध्ये टाकीशेजारी ठेवलं की सकाळी पातेल्याबाहेर. तिथल्या आपल्या पोरींना ही युक्ती कुणी शिकवली देव जाणे, पण एकीकडून दुसरीकडे ती सगळीकडं पोचली आहे. आमच्याकडं तर टॉवेलांना कायम किंचित आंबूस वास यायचा आणि अमेयराव त्यावर अवाक्षर काढायचे नाहीत. गुणी जावई.

चहाच्या बाबतीत ते लोक अगदी आपले. दिवसभर चहा, दूध घालून, आणि असा कडक की चमचा उभा राहावा. शेजारची म्हातारी बाळाला खिडकीतून बघायला यायची. पहिल्यांदा मी चहा विचारला तेव्हा ती म्हणाली, "नो नो, आय'म ग्रँड." मी निमूट कप आत नेला. मृणालनं कपाळाला हात लावला. "आई, ग्रँड म्हणजे नुसतं ठीक. आणि इथे पहिल्यांदा नको म्हणायचीच पद्धत आहे. तीनदा विचारायचं असतं." मी म्हटलं, अगं, मग आग्रह मला शिकवू नको. पुढच्या वेळी मी म्हातारीला बागेच्या कुंपणावरून दोन कप पाजले.

एक दिवस राहवलं नाही म्हणून त्यांच्या चहाची पुडी कात्रीनं फोडून हातावर घेतली. डस्टच होती, पण चांगल्यापैकी होती. एवढा चहा पिणारा देश, आणि त्यातलं एक पानसुद्धा त्यांच्या मातीतलं नाही, असं तेव्हा माझ्या मनात आलं होतं.

टुलाकडं

उन्हाळ्यात बंधनं सैल झाली. एका संध्याकाळी अमेयराव म्हणाले, "आई, अ‍ॅक्चुअली आमच्या ऑफिसातल्या एकाची बहीण आहे, टुला गावाजवळ. तिनं ना, शेतात चहा लावलाय. तुमचं दुकान आहे म्हटल्यावर तो म्हणाला, घेऊन या त्यांना. मतलब, जायचं का?"

आता सांगलीत कुणी 'दारात चहा लावलाय' म्हटलं तर त्याचा अर्थ एकच. नळाच्या कडेला, सांडपाण्यावर वाढलेला गवती चहा. पाच महिने मी त्या वासासाठी झुरत होते. आलं मिळत होतं, वेलची मिळत होती, पण गवती चहा नाही. मी लगेच कात्री, कापडी पिशवी आणि मुळासकट रोप आणायला एक ओलं फडकं अशी तयारी केली. अमेयरावांनी कात्रीकडं पाहिलं, पण सासूला काही विचारायची त्यांची रीत नाही.

शॅननपासून अर्ध्या तासाचा रस्ता, पण पाच महिन्यांनी घराबाहेर पडले होते, मला तो काश्मीरसारखा वाटला. दोन्ही बाजूंना दगडी बांध, त्यावर काटेरी झुडपांची पिवळी फुलं, मध्ये ओलसर रानं आणि त्यांत लव्हाळ्यासारखं उंच गवत. टुलाच्या अलीकडं चढ लागला तसे डोंगरावर गडद हिरवे, जवळजवळ काळे चौकोन दिसू लागले. "स्प्रूस," अमेयराव म्हणाले. ख्रिसमसच्या झाडाच्या जातीची झाडं, लाकडासाठी लावतात. जी जमीन ओली आणि निकामी, तिच्यावर हीच लावतात म्हणे. त्या चौकोनांखाली गवतसुद्धा उगवत नाही.

गाडी फाटकाशी थांबली. फाटकाच्या कडेला मला पुदिना दिसला. चांगला टवटवीत. पुदिना म्हणून मी मूठभर खुडला आणि किंचाळले. ती होती खाजरी वनस्पती, नेटल. हात असा पेटला की गवती चहाचं नाव विसरले. आतून एक बाई धावत आली, पन्नाशीची, गुडघ्यापर्यंत बूट, लाल केस वाऱ्यावर. तिनं बांधावरचं रुंद पान तोडलं, चुरगळलं आणि माझ्या हातावर खसाखसा चोळलं. मग म्हणाली, "मी नोरा."

"मी शैला."

"शीला! माझ्या मावशीचं नाव!" ती म्हणाली. तिकडं शीला हे बायकांचं जुनं नाव आहे. तेव्हापासून मी तिची शीलाच झाले. तिचं इंग्रजी मला निम्मं कळायचं, निम्मं अमेयराव सांगायचे. इथं मी सगळं मराठीतच लिहिते.

मी कात्री काढून विचारलं, चहा कुठाय? ती उतारावर हात करून म्हणाली, हा काय. मी गवत शोधत राहिले. समोर होती गुडघाभर उंचीची झुडपं, चकचकीत दातेरी पानांची, रांगांत लावलेली. बुडाशी मेंढीची लोकर अंथरलेली, थंडी बाधू नये म्हणून. मी म्हटलं, "हे काय?" नोरा म्हणाली, "चहा." मी म्हटलं, "कुठला चहा?" ती माझ्याकडं, मी अमेयरावांकडं. आणि मग डोक्यात प्रकाश पडला.

मी खाली बसले. शेंड्याची दोन पानं आणि कळी, चहाच्या खोक्यांवर छापलेली असते ना, तीच. जन्मभर ती खोकी फोडली, आणि ती खरी असते हे मला त्या दिवशी कळलं. एक पान चावलं. तुरट, हिरवट, आणि शेवटी कुठंतरी लांबून ओळखीची चव. मला भरून आलं, ते लपवावंसंही वाटलं नाही.

कात्री कशासाठी होती हे अमेयरावांनी नोराला समजावून सांगितलं तेव्हा ती बांधावर बसून पोट धरून हसली.

नोराचं स्वयंपाकघर

नोरा विमानतळावरच्या एका दुकानात कामाला होती. विमानं थांबली आणि नोकरी गेली. चहा तिनं त्याआधीच लावला होता, बियांपासून, वेड म्हणून. "ही जमीन आंबट आहे," ती म्हणाली. "वडील जन्मभर चुना टाकून थकले. मग मी वाचलं की चहाला आंबटच जमीन लागते. चुना बंद केला, चहा लावला." तिच्यासारखी आणखी दोन-तीन वेडी माणसं तिच्या ओळखीची होती, एक कॉर्ककडं, एक उत्तरेला. फोनवर एकमेकांना पानांचे फोटो पाठवायची. तेवढाच काय तो त्या देशाचा चहाचा धंदा. आमच्या तासगावकडं पहिला द्राक्षाचा वेल लावणाऱ्यालाही गाव हसलंच असेल, असं मला सारखं वाटत होतं.

पण जमीन तिची नव्हती. वडिलांमागं सगळं शेत थोरल्या भावाकडं, डोनलकडं गेलं होतं. तो दाराशी येऊन उभा राहिला. मोठा, अबोल माणूस, टोपी डोळ्यांवर. नोरानं कप पुढं केला. "नको, मी ग्रँड आहे," तो म्हणाला आणि गेला.

"त्याला लाकूडवाले जमीन मागतायत," नोरा म्हणाली. "स्प्रूस लावायला. त्यानं मला पुढच्या उन्हाळ्यापर्यंत वेळ दिलाय. म्हणाला, मला स्वतःला प्यावासा वाटेल असा चहा करून दाखव, मग बोलू. तेव्हापासून रोज विचारतेय. रोज म्हणतो, ग्रँड."

मग तिनं आम्हाला तिचा चहा दिला. पातळ, पोपटी पाणी. वास गवताचा. अमेयराव म्हणाले, "लव्हली." नोरानं माझ्याकडं पाहिलं. जगातल्या कशाबद्दलही मला खोटं बोलता येतं, पण चहाबद्दल नाही.

"पान चांगलं आहे," मी म्हटलं. "चहा झालेला नाही."

ती रागावली नाही. मान खाली घालून म्हणाली, "माहितीय. तो काळा होतच नाही." पानं मळून झाली की ती आंबायला हवीत, फर्मेंट व्हायला हवीत, तेव्हा रंग आणि कडकपणा येतो. गोठ्यात ठेवली तर हिरवीच राहतात. चुलीशेजारी ठेवली तर वाळून कुरकुरीत. शिकायला परदेशी जाणार होती, तेही बंद पडलं.

मी तिला काय सांगणार? मी विकणारी. कळलं की आंबत नाही, एवढंच. हळहळत घरी आले.

हिवाळा

पानगळीत पुन्हा सगळं बंद झालं. नोरा फोनवर फोटो पाठवायची. चहाला फूल आलं तेव्हाचा एक माझ्याकडं अजून आहे, पांढरंशुभ्र, मध्ये पिवळ्या केसरांचा झुपका. मग कडाक्याच्या थंडीत गोठलेलं दव पडलं आणि शेंडे जळाल्याचे फोटो आले. द्राक्षवाल्यांच्या गावातली मी, दव काय करतं ते मला कुणी सांगायला नको. देवापुढं दिवा लावताना मी टुलाच्या झुडपांचं नाव घ्यायला लागले. मृणाल हसायची. पण एप्रिलमध्ये फोटो आला, जळक्या काड्यांच्या बगलेतून तांबूस कोंब, आणि मृणाल स्वतः तो घेऊन धावत आली, "आई, बघ, जगलीत तुझी पोरं!"

पुन्हा टुला

जूनमध्ये लस घेऊन, मोकळे होऊन आम्ही गेलो. या वेळी नातही बरोबर होती. नोराच्या चेहऱ्यावर मात्र काही आनंद नव्हता. लाकूडवाले त्याच आठवड्यात जमीन मोजायला यायचे होते. तिनं आदल्या दिवशी खुडलेली पानं रात्रभर पसरून ठेवली होती, ती छान मऊ पडली होती. "हा शेवटचा घाणा समज," ती म्हणाली.

मळायला मी बसले. भाकरीचं पीठ मळतात तसं, तळव्याच्या टाचेनं, पुढं रेटत. हात हिरवे झाले, पानं चिकट झाली, स्वयंपाकघरभर कापलेल्या गवताचा वास. मग नोरानं ताट उचललं आणि गोठ्याकडं निघाली. बाहेर पाऊस, स्वेटर घालून बसावं असा जूनमधला गारठा.

"कुठं?" मी विचारलं.

"आंबायला."

आणि मी एकदम ओरडले, "अगं बये, गोठ्यात कशी आंबतील! हॉट प्रेसमध्ये ठेव की!"

तिला काही कळेना. मी ताट हिसकावून घेतलं, ओलं फडकं घट्ट पिळून वर टाकलं, आणि जिन्याखालचं टाकीचं कपाट उघडून तिच्या चादरींवर ते ठेवून दार लावलं. अमेयराव मधल्या मध्ये भाषांतर करून घामाघूम. "शी सेज... मतलब, इडली... आमच्याकडं पीठ असंच ठेवतात."

"चादरींवर?" नोरा म्हणाली.

"चादरींचं काय घेऊन बसलीस!" मी म्हटलं. हे मराठीत म्हटलं, पण तिला कळलं.

पुढं काही करण्यासारखं नव्हतं. ब्रेड खाल्ला, तिचा, सोड्याचा, जाड, वर बोटभर लोणी. मी नेलेली लसणाची चटणी तिनं त्यावर लावून खाल्ली आणि डोळे पुसत पुन्हा मागितली. नात मेंढीच्या लोकरीत लोळत होती. पण कान सगळ्यांचे त्या कपाटाकडं, जणू आत कुणी झोपलंय.

मग वास आला. आधी मला वाटलं भास. गवताचा नाही, पिकलेल्या सफरचंदाचा. नोरा बोलता बोलता थांबली. दार उघडलं, फडकं उचललं. पानं घासलेल्या तांब्यासारखी तांबूस झाली होती. तिनं माझं मनगट घट्ट धरलं.

मी विजयानं म्हटलं, "आंबलं!"

तेव्हा ती हसायला लागली आणि हसता हसता म्हणाली, "शीला, हे आंबणं नव्हेच. कापलेलं सफरचंद हवेनं तांबडं पडतं ना, तसं हे. लोकांनी नाव चुकीचं पाडलंय. पण मी पुस्तकं वाचून हवेचाच विचार करत बसले. ऊब आणि ओल एकत्र कुठं मिळेल हे मला सुचलंच नाही." म्हणजे मी चूक शब्द धरून बरोबर कपाटापर्यंत पोचले होते. मला त्याची मुळीच लाज वाटली नाही.

भट्टीत वाळवून चहा तयार झाला, काळाभोर. किटलीत मी घातला, सढळ हातानं, आणि भरपूर वेळ मुरू दिला. दूध ओतायला गेले तशी नोरा कळवळली, "पहिल्या चहात दूध?" मी म्हटलं, "तो तुझ्यासाठी नाही. त्याच्यासाठी आहे."

डोनल अंगणात ट्रॅक्टर पुसत होता. कप घेऊन मीच गेले. नोरा दारात उभी, तोंडावर हात.

"नको," तो म्हणाला. "मी ग्रँड आहे."

"घ्या हो," मी म्हटलं.

"नको, खरंच."

नोरा वर्षभर रोज एकदा विचारत होती आणि एकदा 'नको' ऐकून परतत होती. बहिणीचा मान आडवा यायचा. मला कसला मान! मी तिथंच उभी राहिले, पावसात, कप त्याच्या नाकाखाली धरून. "सांगलीहून आलेय," मी मराठीत म्हटलं, "न्हाई म्हणू नका." त्याला वास गेला असावा. त्यानं टोपी मागं सारली आणि कप घेतला.

एक घोट. मग दुसरा. मग डोंगराकडं बघत राहिला. अमेयराव मागून कुजबुजले, "आई, काही बोलत नाहीये." मी म्हटलं, गप्प बसा. गिऱ्हाईकाचा चेहरा मी कैक वर्षं वाचतेय.

कप रिकामा झाला. त्यानं तो परत दिला नाही. तसाच धरून स्वयंपाकघरात गेला, किटली शोधली आणि कुणीही न विचारता दुसरा ओतून घेतला. उभ्याउभ्याच प्यायला. मग बहिणीकडं न बघता म्हणाला, "खालच्या रानालाही कुंपण घालावं लागेल मग. नाहीतर मेंढ्या घुसतील तुझ्या नव्या रांगांत."

नोरा स्वयंपाकघरातल्या टेबलावर डोकं टेकून रडली. डोनल घाईघाईनं बाहेर गेला, पण कप बरोबर घेऊन.

सांगली

निघताना नोरानं त्या घाण्यातला थोडा चहा छोट्या डब्यात भरून दिला. मी तिला इडलीचं पातेलं दिलं, शास्त्रापुरतं. फोनवर कळतं, कुंपण झालंय, नव्या रांगा लागल्यात आणि कॉर्ककडच्या त्या वेड्या माणसानंही पानं हॉट प्रेसमध्ये ठेवायला सुरुवात केलीय. त्याची बायको टॉवेलांवरून भांडते म्हणे.

तो डबा मी गल्ल्याशेजारी ठेवलाय, ममरी आणि डस्टच्या रांगेत. विकायचा नाही. परवा कवठेमहांकाळचे एक जुने गिऱ्हाईक झाकण उघडून हुंगत म्हणाले, "वहिनी, ह्यो कुठला म्हणायचा?"

"आयर्लंडचा," मी म्हटलं.

त्यांनी पुन्हा हुंगला. "तिकडं चहा पिकतोय व्हय?"

"आता पिकाय लागलाय," मी म्हटलं, आणि त्यांच्यासाठी आधण ठेवलं.